टाक्याची जखम, चार महिने आणि उशिरा सापडलेला जंतू

प्रश्न : मिस्टरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून झालं. महिन्याभराने टाक्याच्या जागी गाठ येऊन पाणी वाहू लागलं. चार महिने नुसती अँटिबायोटिक्स बदलली. कल्चर (जखमेतला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) एकदाच केलं, तेही निगेटिव्ह. शेवटी दुसरीकडे जखमेतला तुकडा तपासला, तर 'मायकोबॅक्टेरियम चेलोनी' हा जंतू निघाला. डॉक्टरांवर पोलीस केस करता येईल का?

उत्तर : ताई, पोलीस केसच्या वाटेला जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो. दुर्मिळ जंतू ओळखता आला नाही, एवढ्याने तो ठरत नाही.

तुम्ही भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जा. मात्र तिथेही 'निदान उशिरा झालं' एवढ्यावर विसंबू नका. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा हाती लागत नाही. एएफबी तपासणी (क्षयाच्या जातीचे जंतू रंगवून पाहणं) आणि वेगळं कल्चर मुद्दाम सांगावं लागतं. समोरचा वकील नेमकं हेच म्हणेल. पहिल्या महिन्यात डॉक्टरांना सुचलं नाही, हे मीही मान्य करीन. पण औषधांना दाद न देणारी जखम चार महिने वाहतेय आणि दुसरी तपासणी नाही, याला काय उत्तर? मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झालेल्या किशन राव प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही. तुम्ही मात्र मायक्रोबायोलॉजिस्टचं मत जोडाच.

माझ्या मते खरा मुद्दा वेगळाच आहे : जंतू आला कुठून? हा पाण्यात राहतो. दुर्बिणीची उपकरणं जंतुनाशक द्रावणात पुरेसा वेळ न बुडवणं किंवा नंतर नळाच्या पाण्याने धुणं, ही त्याची ओळखीची वाट. त्याच सुमाराला तिथल्या आणखी कुणाला हाच त्रास झाला असेल, तर तुमची बाजू फार भक्कम होईल. चौकशी करा. निर्जंतुकीकरणाच्या नोंदवह्या रुग्णालय आपणहून देणार नाही. त्या हजर करण्याचा आदेश आयोगाकडे मागा. केसपेपर मात्र तुमच्या हक्काचे आहेत : रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी करा, ७२ तासांत द्यावे लागतात. तुकडा तपासणाऱ्या लॅबलाही स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) जपून ठेवायला आजच लिहा.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ती रिपोर्टच्या तारखेपासून धरावी असा युक्तिवाद करता येतो, पण धोका नको. ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि ती तुमच्या राहत्या जिल्ह्यातच दाखल होते.