'फंक्शनलायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय : शाळेच्या हस्तलिखितासाठी ग्राफीनवर लेख लिहितेय, 'फंक्शनलायझेशन'ला 'कार्यात्मकीकरण' म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाने चालेल, पण मुलं तो शब्द ओलांडून पुढे जातील. शिवाय 'कार्य'मुळे अर्थ भरकटतो. इथलं 'फंक्शन' आलंय 'फंक्शनल ग्रुप'मधून, म्हणजे रेणूला ठराविक गुणधर्म देणाऱ्या अणूंच्या गटावरून, आणि त्याला दहावीच्या पुस्तकात 'क्रियात्मक गट' हा शब्द आहेच. मग सरळ 'गटजोडणी' म्हणा ना! क्रियापदही आपोआप मिळतं : ग्राफीनला गट जोडले.

जोडून होतं काय, तेही लेखात येऊ द्या. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर. वीज झकास वाहून नेतो, पण पाण्याशी त्याचं जमत नाही. पापुद्रे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यावर हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल असे ऑक्सिजनवाले गट आले की झालं ग्राफीन ऑक्साइड. हे पाण्यात छान पसरतं, द्रावण तपकिरी दिसतं, मात्र वीज अडते. कारण ग्राफीनमध्ये प्रत्येक कार्बनच्या बाहेरच्या चारपैकी तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंधात असतात आणि चौथा थरभर फिरायला मोकळा. गट जोडला की तो चौथाही अडकतो. क्षपण करून (म्हणजे ऑक्सिजन काढून घेऊन) बरेचसे गट काढले की रंग काळा होतो, वीज बरीचशी परत वाहू लागते. पूर्ववत मात्र होत नाही, कार्बनच्या जाळीत भोकं राहतात. म्हणून गट किती आणि कोणते, यावर गुणधर्म बेतता येतात. ('ट्यूनिंग'ला मला 'बेतणे' आवडतं. 'समस्वरण' वगैरे नको.)

एक अडचण आहे. पायरीनसारखे रेणू ग्राफीनवर सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा पक्का बंध) न करताच बसतात, आणि इंग्रजीत त्यालाही फंक्शनलायझेशनच म्हणतात. आपल्याकडे गोव्यात कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळीवर मिरीची वेल चढते, ती खोडाला धरून असते, पण मानकुराद आंब्याच्या कलमासारखी एकजीव होत नाही. तसंच हे. इथे इलेक्ट्रॉन अडकत नाहीत, त्यामुळे वीज फारशी बिघडत नाही. अशा ठिकाणी 'जोडणे' टाळून 'चिकटवणे' लिहा.

आणि कार्बन काढून त्याच्या जागी नायट्रोजन घातला, तर ती गटजोडणी नव्हे, ते डोपिंग. तो शब्द तसाच राहू दे. तिन्हींना मिळून काही म्हणायचं असेल तर 'रासायनिक फेरबदल' पुरे.