पियर्सिंगची गाठ औषधाने जात नाहीये

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी बेंबीला पियर्सिंग केलं. आधी सगळं नीट होतं पण दीड महिन्याने बाजूला लालसर गाठ आली, आता त्यातून पातळ पू येतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पू तपासला तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. ताप नाही, फार दुखतही नाही. मग आहे तरी काय हे?

उत्तर : रिपोर्टमध्ये काही आलं नाही म्हणून इन्फेक्शन नाही असं समजू नका, प्लीज. पियर्सिंगनंतर बहुतेकदा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू त्रास देतो, पण तो थोड्याच दिवसांत लाल, गरम, ठणकणारं काहीतरी दाखवतो. तुमची गाठ दीड महिन्याने आली, फारशी दुखत नाही, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, त्यामुळे मला पहिली शंका येते ती टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांची, म्हणजे मायकोबॅक्टेरियम फॉर्चुइटम, अ‍ॅब्सेसस वगैरे. घाबरू नका, यांच्यामुळे टीबी होत नाही. हे मातीत आणि अगदी नळाच्या पाण्यातही असतात, साध्या कल्चरमध्ये (म्हणजे लॅबमध्ये प्लेटवर पू ठेवून जंतू वाढतात का ते बघतात, त्यात) सहज निसटतात कारण दोन-तीन दिवसांत प्लेट टाकून देतात आणि यांना वाढायला बऱ्याचदा आठवडाभर लागू शकतो. म्हणून डॉक्टरांना पियर्सिंग कधी केलं ते आधी सांगा आणि मायकोबॅक्टेरियाचं वेगळं कल्चर करायचं का ते स्पष्ट विचारा. निघालाच तर कुठला जंतू आणि कुठलं औषध चालतं हे बघूनच ट्रीटमेंट द्यावी लागते, कारण टीबीची नेहमीची औषधं यांच्यावर बहुधा चालत नाहीत. दोन औषधं मिळून काही महिने घ्यावी लागू शकतात, अर्ध्यात सोडू नका.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी कानाच्या वरच्या भागात टोचून घेतलं, कान सुजलाय, कानाची पाळी मात्र नॉर्मल आहे. थांबू का?

उत्तर : नाही, आजच दाखवा! तिथे कूर्चा (मऊ, लवचिक हाडासारखा भाग) असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे स्यूडोमोनास नावाचा जंतू शिरला तर कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. 2000 साली अमेरिकेत ओरेगनमध्ये एकाच ठिकाणी कान टोचलेल्या 7 जणांना हेच झालं, आणि तो जंतू सापडला कुठे तर जंतुनाशकाच्याच स्प्रे बाटलीत. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स याच्यावर चालत नाहीत, तेव्हा घरात उरलेली गोळी घेऊन बघू असं अजिबात करू नका. आणि रिंग स्वतःहून काढू नका, भोक बुजलं तर पू आत अडकू शकतो, ते डॉक्टरांना ठरवू दे.