दोन एकर संत्रा आणि बारा वर्षांची पोरगी

"मावशी, आमची पोरगी बारा वर्षांची आहे. हे खाणीच्या कॉलनीतल्या क्लबात कामाला आहेत. तिथं साहेबलोकांचं स्क्वॅशचं कोर्ट आहे, बंद खोलीत रॅकेटनं भिंतीवर बॉल मारायचा तो खेळ. पोरगी यांच्यासंगं जायची, आठव्या वर्षापासून खेळायला लागली. यंदा चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत ग्रामीणमधून पहिली आली (एकूण पाच पोरी होत्या), मग विभागातून पुण्याला गेली आणि पहिल्याच मॅचमध्ये ११-२, ११-३, ११-१ अशी हरली. पुण्याहून नागपूर येईपर्यंत हे तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिथं एक कोच भेटले. म्हणाले, पोरीत दम आहे, पण आत्ताच अकादमीत टाका, चौदाव्या वर्षी आणाल तर उशीर होईल, २०२८ ला ऑलिम्पिकमध्ये स्क्वॅश आहे. खर्च ऐकून माझे हातपाय गळाले. आता हे दोन एकर संत्रा विकायला निघालेत. गिऱ्हाईक पोळ्याआधी इसार द्यायला तयार आहे. पोरगी गुडघा दुखते म्हणते, अन् कॉलनीतल्या ज्या पोराला ती हरवायची तो आता तिला हरवते. हे म्हणतात, तिचं लक्ष नाही. वहीत तिचा एकेक पॉइंट लिहून ठेवतात. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला हे कशाला. मी हो म्हणू का नाही म्हणू?"
— सावनेर तालुक्यातली एक आई

बाई गं, आधी इसार. घेतला नसेल तर घेऊ देऊ नको. घेतला असेल तर परत करा. गिऱ्हाईक चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्या. बाकीचं पत्र सावकाश वाचलंस तरी चालेल, हे मात्र आजच.

पोरीच्या बाबांवर मी रागावलेली नाही. ज्या कोर्टात आपण फडकं मारतो तिथंच आपली पोरगी साहेबाच्या पोराला हरवते, हे बघून कोणत्या बापाची छाती फुगणार नाही? पण त्यांना एवढं विचार: संत्र्याच्या कलमाला तिसऱ्या वर्षी फूल दिसलं तर तुम्ही बहार धरता का? नाही धरत. झाड अजून बसायचं आहे, आत्ता फळ घेतलं तर पुढं झाड खंगेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाच-सहा वर्षं नुसतं पाणी, खत आणि राखण चालते, तेव्हा कुठं पहिला तोडा. आणि पोरीचा बहार धरायला तेच झाड विकायला निघाले!

उशीर होईल म्हणणाऱ्या कोचला एक नाव सांगा. सौरव घोषाल, कोलकात्याचा स्क्वॅश खेळाडू. २००४ मध्ये त्यानं ब्रिटिश ज्युनियर ओपनची १९ वर्षांखालची स्पर्धा जिंकली. त्याआधी एकाही भारतीय मुलाला ते जमलं नव्हतं. जगातल्या पहिल्या दहांत तो पोचला २०१९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. मधली पंधरा वर्षं मोजा. पोरांमध्ये पहिला असलेल्याला मोठ्यांमध्ये दहावा व्हायला इतका काळ लागला, तर बाराव्या वर्षी कोणाची गाडी सुटते?

पोरीचे बाबा लगेच अनाहत सिंगचं नाव काढतील. खरं आहे, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ती भारताकडून स्क्वॅश खेळली तेव्हा चौदा वर्षांची होती. पण ती दिल्लीची, मोठी बहीण आधीपासून स्क्वॅश खेळणारी, आणि ती स्वतः आधी बॅडमिंटन खेळायची. तिच्या घरापासून कोर्ट किती लांब होतं आणि तुमच्यापासून किती लांब आहे, हा हिशोब कोणी मांडत नाही. हजारात एखादी अनाहत निघते. तिच्यावरून बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं वेळापत्रक लावायचं नसतं. ऑलिम्पिकचं म्हणशील तर २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॅश पहिल्यांदा येतंय, हे खरं. तो निर्णय २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच झाला. पण तेव्हा तुझी पोरगी पंधराची असेल-नसेल. बारा वर्षांच्या पोरीच्या आईबापासमोर जो माणूस ऑलिम्पिक काढतो, त्याच्यासमोर पाकीट काढायचं नाही.

आता गुडघा. पत्रात तू हे एका ओळीत उरकलंस, मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आणि तो गुडघा, तो पोरगा, ते "लक्ष नाही" ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाच्या आसपास. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल जिथं पाऊल बरोबर पडत होतं तिथं आज चार बोटं पुढं पडतं, रॅकेट बॉलला उशिरा लागते. पोरगी वेंधळी झाली असं बघणाऱ्याला वाटतं. तिला स्वतःलाही वाटत असेल, ते जास्त वाईट. तो पोरगा तेरा-चौदाचा असेल, तर त्याच्या अंगात आता जोर भरतोय. तो पुढं गेला यात तिची चूक नाही. तिच्याहून थोडं कमी आणि थोडं जास्त खेळणारे असे दोघंतिघं गाठा, नागपूरला महिन्यातून दोनदा नेलं तरी पुरे. त्याच एका पोराकडून तिला रोज हरायला लावू नका.

दुखणं गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला असेल आणि तिथं दाबल्यावर टेंगळासारखं लागत असेल, तर बहुतेक ऑसगुड-श्लाटर असेल. वाढत्या वयात मांडीचा मोठा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो, म्हणून दुखतं. वाढ संपली की सहसा आपोआप बरं होतं. पण स्क्वॅश म्हणजे दर दुसऱ्या बॉलला एक पाय पुढं टाकून खाली वाकणं, आणि नेमकी तीच हालचाल त्याला छळते. हाडांच्या डॉक्टरला दाखव. दुखतं तोवर ते वाकणं आणि उड्या कमी करा, खेळ सगळा बंद करायची गरज सहसा पडत नाही. रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, सूज असेल किंवा ती लंगडत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नको.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते? मी तीस वर्षं गावच्या शाळेत खेळ शिकवला. तेराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी एक पोरगी माझ्या हाताखाली होती. नडग्या दुखतात म्हणायची. मी स्प्रे मारून तिला एकाच दिवशी तीन शर्यती पळवल्या, शाळेला ढाल मिळाली. पुढच्या वर्षी ती मैदानावर आलीच नाही. बोलावणं धाडलं तर आईनं निरोप दिला, ती नाही म्हणते. ती ढाल अजून त्या शाळेच्या कपाटात असेल.

पोरीच्या बाबांची वही फेकू नका. फक्त तिच्यात लिहायचं काय ते बदला. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीशी उभं करून उंची घ्या आणि तारखेसह लिहा. उंची भराभर वाढत असेल त्या महिन्यांत सराव हलका ठेवायचा. रात्री किती तास झोपली, ते लिहा. गुडघा दहापैकी किती दुखला, ते तिलाच विचारून लिहा. आणि मॅचचं लिहायचंच असेल तर पॉइंट नको, दहा फटक्यांच्या पुढं किती रॅली (एका पॉइंटसाठी दोघींत चालणारी फटक्यांची देवाणघेवाण) गेल्या ते मोजा. पुण्याला ती ११-२ हरली, ठीक. त्या शहरातल्या पोरी सहा-सात वर्षांच्या असल्यापासून कोच धरून खेळतात, ही बापासोबत क्लबात जाऊन शिकली. सहा महिन्यांनी तेच ११-२ झालं, पण लांबलेल्या रॅली तीनच्या बारा झाल्या, तर पोरगी पुढं गेली असं समजायचं. पॉइंटच्या वहीत हे कधी दिसणार नाही.

आता तीन वर्षं, म्हणजे पंधरा पुरी होईपर्यंत काय करायचं ते सांगते. शाळेत खो-खो असेल तर तिला त्यात घाला, हे माझं सगळ्यात आवडतं औषध. खांबाला वळसा, हूल देणं, वाकून दिशा बदलणं, यानं जे पाय तयार होतात तेच स्क्वॅशच्या कोर्टात लागतात. ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद खोलीत पळायचंच किती, पण वळायचं किती! शिवाय एका हाताच्या खेळानं अंग एकीकडं झुकतं, खो-खोनं ते सरळ राहतं. डॉक्टर मंडळी एक साधा ठोकताळा सांगतात: ठरवून घेतलेल्या सरावाचे आठवड्याचे तास पोराच्या वयाच्या वर जाऊ देऊ नयेत. म्हणजे तिला बारा तास, खो-खो धरून. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात दोन-तीन महिने रॅकेटला हात नाही. मे महिना त्यासाठीच आहे असं समज. सावनेरच्या उन्हात पत्र्याखालच्या कोर्टात पोरगी शिजवायची का?

बॉलचंही बघ. कॉलनीतले मोठे लोक दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल वापरत असतील. तो गरम झाल्याशिवाय उसळतच नाही. डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडं तो चिखलात टाकल्यासारखा पडतो, मग पोरं नुसती ताकदीनं हाणायला शिकतात. तिला एक पिवळा ठिपका द्या, थंडीत लाल चालेल. बॉल उसळला तर हात घडतो. कोर्ट मिळत नाही त्या दिवशी गोदामाची सपाट भिंत घ्या, जमिनीपासून हातभर उंचीवर चुन्याची पट्टी ओढा (खऱ्या कोर्टात समोरच्या भिंतीच्या तळाशी टिन असतो, बॉल त्याच्या वरच लागावा लागतो; तो साधारण तेवढाच, ४८ सेंटिमीटर असतो) आणि त्याच्या वर फोरहँड-बॅकहँड मोजून मारू द्या. मोजायचं तिनंच, बाबांनी नाही.

अंगाचं बोलू. पाळी आली नसेल तर येईल, तिला आधीच सगळं समजावून ठेव. स्पर्धेच्या बॅगेत पॅड आणि जादा कपडे असू देत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या कितीतरी पोरी रक्त कमी म्हणून दमतात आणि लोक त्यांना आळशी म्हणतात. पालेभाजी, डाळ, चालत असतील तर अंडी, आणि त्यासोबत संत्रं, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. घरचंच आहे, अजून विकलं नाही म्हणून.

पंधरा-सोळाला मात्र ठरवायची वेळ येईल, तेव्हा मला पुन्हा लिही. तोवर उंची बरीचशी होऊन गेलेली असेल, गुडघा शांत झालेला असेल, आणि तिला हे हवंय की नाही ते ती स्वतः स्पष्ट सांगू शकेल. त्या वेळी शहरात राहून खेळायचं म्हटलं तर मी आडवी येणार नाही. पण कोच कोणीही असो, त्याला विचारा: पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडं असलेल्या मुलींपैकी आज किती खेळतात? राहण्याच्या जागी रात्री बाई कोण असते? शाळेचं काय? सराव चालू असताना पालकाला बसून बघता येईल का? शेवटच्या प्रश्नाला जो कपाळावर आठ्या आणेल, तिथून चपला घालून निघायचं.

शाळा सोडवायची नाही, कोणत्याही वयात. इजिप्तचा अली फराग हार्वर्डमधून इंजिनिअर झाला आणि त्यानंतर स्क्वॅशमध्ये जगात पहिला आला. आणि आपलं साधं गणितही बघा: खेळाडूंना राज्याच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. पण कोणत्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठं चालतं, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन समजून घ्या, कोचच्या तोंडून नको.

सासूबाईंना आपल्या स्क्वॅशवाल्या दीपिका पल्लीकलची गोष्ट सांग. क्रिकेटवाल्या दिनेश कार्तिकची बायको म्हटलं की ओळख पटेल. जुळ्यांची आई झाल्यावर सहाएक महिन्यांनी, २०२२ मध्ये, तिनं ग्लासगोला जागतिक दुहेरीची दोन सुवर्णपदकं घेतली. त्यातल्या एकात तिच्या जोडीला पस्तीस वर्षांची जोश्ना चिनप्पा होती. एवढ्यानं सासूबाई गप्प होणार नाहीत, पण नातीला विचारतील तरी.

आणि पुणे ते नागपूर. तो सगळा प्रवास पोरीच्या मनात कसा गेला असेल? ११-२ ती विसरेल. बाबा बोलले नाहीत, हे नाही विसरणार. त्यांना तिची माफी मागायला सांग असं मी म्हणणार नाही, आपल्याकडचे बाप ते करत नाहीत. पुढच्या वेळी गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न "काय खाणार?" एवढाच असू दे. खेळाचं तिनं काढलं तर बोला, नाही काढलं तर खिडकीबाहेर बघा.

एक राहिलंच: चष्मा. ज्युनियर स्पर्धांत डोळ्यांचा संरक्षक चष्मा सक्तीचा असतो, पण कॉलनीच्या कोर्टात कोण बघतं? तो बॉल चार सेंटिमीटरचा, थेट डोळ्याच्या खोबणीत बसतो. साधा नंबरचा चष्मा चालत नाही, तो फुटतो. पॉलिकार्बोनेटचा, खेळाचाच घ्या. इतके दिवस ती बिनचष्म्याची खेळली असेल, तर या महिन्यात पहिला खर्च हाच.