वाचकांचे प्रश्न : संगीताच्या अंकात पान लावताना

प्रश्न : आमच्या संगीत मंडळाचे 32 पानी त्रैमासिक नाशिकहून निघते. पुढच्या अंकात गायक द. वि. पलुसकर यांच्यावर चार पानांचा विशेष लेख असून त्यासोबत तीनतालातल्या, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातल्या, एका बंदिशीचे स्वरलेखन आणि काही छायाचित्रे द्यायची आहेत. डिझायनरने लावलेली पाने देखणी आहेत. मात्र गाणे शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींना त्यावरून बंदीश म्हणता आली नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हवीत, हा डिझायनरचा आग्रह आहे. नमुना पाने सोबत पाठवली आहेत.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : पाने छापखान्यात जाण्यापूर्वी आपण ती गाणाऱ्यांच्या हाती दिलीत, हे फार चांगले केलेत. नमुना पाहिल्यावर विद्यार्थिनी कुठे अडल्या ते लगेच दिसते. बंदीश दोनपैकी एका रकान्यात बसवल्यामुळे दहाव्या मात्रेवर ओळ तुटली आहे, आणि तालाची एकच फेरी, म्हणजे आवर्तन, वाचायला नजरेला दोनदा मागे यावे लागते.

हिशेब साधा आहे. ए-फोर पानाची रुंदी 210 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिलिमीटर समास सोडला, की 180 उरतात. मध्ये सहा मिलिमीटरची फट ठेवून दोन रकाने केले तर प्रत्येकी 87 मिलिमीटर मिळतात, म्हणजे सोळा मात्रांपैकी एकेका मात्रेला जेमतेम साडेपाच. एका मात्रेत चार स्वर आले, की तिथे घुसमट होणारच. तेच स्वरलेखन पानाच्या पूर्ण रुंदीत घेतले तर मात्रेला सव्वाअकरा मिलिमीटर मिळतात. म्हणून आधी बंदिशीची जागा ठरवावी आणि मजकूर व छायाचित्रे उरलेल्या जागेत बसवावीत. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे.

आपल्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’पासून उठतो. डिझायनरने पहिल्या ओळीत आठ घरे रिकामी सोडून मग तो सुरू केला आहे. त्याऐवजी ओळच नवव्या मात्रेपासून सुरू करावी, म्हणजे सम, अर्थात तालाची पहिली मात्रा, ओळीच्या बरोबर मध्यावर येते. तिच्या आधीची उभी रेघ किंचित जाड ठेवली तर नजर तिथे आपोआप पोहोचते. स्वर, त्याखाली शब्द आणि त्याखाली तालचिन्हे अशा तीन ओळी तक्ता आखून, प्रत्येक मात्रेला स्वतंत्र घर देऊन बसवाव्यात. स्पेसबार दाबून जुळवलेली अक्षरे टंक (फॉन्ट) बदलताच सरकतात.

याहून गंभीर चूक चिन्हांची आहे. स्वरलेखनाच्या दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो, तर पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्र (खालच्या) सप्तकाचा असतो. भातखंडे पद्धतीत मध्यमावरची (‘म’वरची) उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकर पद्धतीत स्वरावरची उभी रेघ तार सप्तक सांगते. आपल्या पानावर स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) एका पद्धतीने आणि अंतरा (दुसरा भाग) दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला आहे. बहुधा दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून उतरवून घेतला असावा. पलुसकर पद्धत घडवणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ज्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला आणि ज्या नाशिकमध्ये 1921 साली त्यांचे पुत्र द. वि. जन्मले, तिथल्या अंकात कोणती पद्धत घ्यावी हे मी सांगणार नाही. पण कोणतीही एकच घ्यावी आणि तिचे नाव तक्त्याखाली लहान अक्षरांत द्यावे.

काळ्या पार्श्वभूमीचे उत्तरही या बिंदूंतच आहे. ऑफसेट छपाईत काळी शाई पांढऱ्या अक्षरांच्या कडांवर पसरते, आणि साध्या, शाई शोषणाऱ्या कागदावर अनुस्वार, रफार व हे बारीक बिंदू सर्वांत आधी बुजतात. आपल्या डिझायनरच्या डोळ्यांसमोर अमेरिकी डिझायनर डेव्हिड कार्सन असावेत. त्यांनी 1994 साली ‘रे गन’ या अमेरिकी संगीत मासिकात एक अख्खी मुलाखत चिन्हांच्या टंकात लावली होती. तिथे वाचकाची फक्त मुलाखत हुकली. इथे षड्जाचे (‘सा’चे) सप्तक बदलते. हौस मथळ्याच्या पानावर भागवून घ्यावी, तिथे मोठी पांढरी अक्षरे शोभतील.

छायाचित्राबद्दल एवढेच, की गायकाचा चेहरा पानाबाहेर वळलेला होता म्हणून चित्र आरशासारखे उलटवले आहे, आणि त्यामुळे साथीदाराचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताने वाजवायचा तबला, डाव्या हाताखाली गेला आहे. कोणताही तबलजी ते पहिल्या नजरेत ओळखेल. चित्र मूळ दिशेनेच ठेवून समोरच्या पानावर घ्यावे. मात्र चेहरा मधल्या घडीत जाणार नाही, हे पाहावे.

प्रश्न : जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरे बिघडतात. शिवाय ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. काय करावे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रूपांतरानंतर ‘गाणाऱ्या’चे ‘गाणार्या’ होणे ही नेहमीची खोड आहे, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ असलेले शब्द शोधून एकेक तपासावेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असेल, तर इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नाही, असे समजावे. ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुराच्या सवयीने ठेवले, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. 11 पॉइंटच्या अक्षरांना 16 पॉइंट अंतर देऊन पाहावे. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवण्याचा हट्टही सोडावा, कारण मग शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.