मांस थोडंसंच कमी केलं तर हवामानाला खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की मांस पूर्ण सोडणं जमणार नाही, पण आठवड्यातून काही वेळा टाळलं तर हवामानबदलाच्या दृष्टीने काही उपयोग आहे, की नुसतं मनाचं समाधान?

उपयोग आहे. फक्त किती वेळा टाळता यापेक्षा कोणतं मांस टाळता, याला जास्त महत्त्व आहे.

गाय, मेंढी, शेळी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटात चारा आंबतो तेव्हा मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. मात्र तो हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो, त्यामुळे आज मिथेन कमी केला तर परिणाम आपल्या हयातीतच दिसतो. कोंबडी आणि डुक्कर रवंथ करत नाहीत, आणि इथेच सगळा फरक पडतो.

२०१८ साली पूअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी जगभरातल्या सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र करून हा हिशेब मांडला. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला होणारं सरासरी उत्सर्जन (सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून) असं: मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं गोमांस ५० किलो, मेंढी-शेळीचं मांस २० किलो, कोंबडी सहाच्या आत, कडधान्यं एक किलोही नाही. म्हणजे कोंबडी खाणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस उपास करण्यापेक्षा गोमांस खाणाऱ्याने फक्त प्राणी बदलला तरी कितीतरी जास्त साधतं.

आता एक फसगत. मांस सोडलं की बरेच जण त्या जागी चीज आणतात. त्याच अभ्यासात चीजचा आकडा ११ किलो आहे, कोंबडीच्या जवळपास दुप्पट! दूधही शेवटी रवंथ करणाऱ्या जनावराचंच ना.

'गवतावर वाढलेलं' किंवा 'स्थानिक' मांस घेतलं तर चालेल का, असंही हमखास विचारलं जातं. वाहतुकीचा वाटा गोमांसात एक टक्काही नसतो, तेव्हा जवळून आणल्याने फारसं काही वाचत नाही. नुसत्या गवतावरचं जनावर सावकाश वाढतं, म्हणजे जास्त काळ मिथेन सोडतं. कुरणाच्या मातीत थोडा कार्बन मुरतो हे खरं, पण मातीलाही मर्यादा असते.

अर्थात पशुधनाचा वाटा एकूण मानवनिर्मित उत्सर्जनात साधारण १२ ते १५ टक्के आहे. कोळसा आणि तेल जाळणं चालूच राहिलं तर ताट बदलून भागणार नाही. आणि ज्यांना मांस मुळातच क्वचित मिळतं, किंवा जे पीक न येणाऱ्या माळावर जनावरांवरच जगतात, त्यांना हे सांगायला जाणं मला तरी पटत नाही.

मी स्वतः लाल मांस जवळपास थांबवलंय, अंडी आणि कोंबडी ठेवली आहे. यात एक अडचण आहे: एका गुराइतकं मांस मिळवायला शेकडो कोंबड्या मारल्या जातात. तुम्ही हवामानाचं विचारलंत म्हणून उत्तर तेवढ्यापुरतं दिलं. प्राण्यांचाही विचार करायचा असेल तर कोंबडीवर न थांबता सरळ कडधान्यांकडे वळा.