इराणमधल्या मशहदहून निशापूर शहर एका दिवसात बघून होतं का, आणि फिरोजा (निळसर-हिरवा रत्नखडा) तिथेच घ्यावा का?

हो, एका दिवसात आरामात होतं, आणि फिरोजाही तिथेच घ्या. मशहदहून साधारण सव्वाशे किमी, बस नाहीतर ट्रेन, सकाळी लवकर निघा म्हणजे कवी उमर खय्यामची आणि जवळच असलेली सूफी कवी अत्तारची कबर दोन्ही निवांत बघता येतात. खय्यामचं पांढरं संगमरवरी स्मारक 1963 चं आहे, त्याच्या आतल्या बाजूला टाइल्सवर खय्यामच्याच रुबाया (चार ओळींच्या कविता) लिहिल्यात, त्या मान वर करून बघाच, खूप सुंदर आहे ते. फिरोजाच्या खाणी शहरापासून 50 किमीच्या आसपास असल्यामुळे दुकानात मातकट रेषांचे, न घडवलेले खडेही मिळतात. पण रंग चढवलेला मालही विकतात, म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि रोख रक्कम ठेवा, आपली कार्डं इराणमध्ये चालत नाहीत.