‘किमतीवर अवलंबून’ हे इंग्रजीत नेमके कसे लिहावे?

बारावीपर्यंत अर्थशास्त्र मराठीतून शिकल्यामुळे पदवीची उत्तरे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक ठिकाणी ‘डिपेंड्स ऑन प्राइस’ एवढेच सुचते, त्याला पर्याय काय, असे आपण विचारले आहे. ही रचना चूक नाही. परंतु तिच्यातून दोन गोष्टींचा संबंध आहे इतकेच कळते. किंमत वाढली की दुसरी गोष्ट वाढते की घटते आणि किती, हे मात्र परीक्षकाला कळत नाही, आणि त्याला नेमके तेच हवे असते.

त्यासाठी दिशा सांगणारे साधे वाक्य सर्वांत चांगले: ‘ॲज द प्राइस ऑफ अनियन्स राइजेस, द क्वांटिटी डिमांडेड फॉल्स’. थोडक्यात लिहायचे असेल तर ‘व्हेरीज इन्व्हर्सली विथ प्राइस’ म्हणावे. ‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल’ मात्र सहज वापरू नये, कारण त्याचा अर्थ भाव दुप्पट झाल्यास मागणी बरोबर निम्मी होते असा होतो, आणि कांद्याचा भाव दुप्पट झाला म्हणून घरातला कांदा बरोबर निम्म्यावर येतोच असे नाही.

माझ्या मते सर्वाधिक काळजी ‘डिमांड’ आणि ‘क्वांटिटी डिमांडेड’ यांतील फरकाची घ्यावी. आपण मराठीत मागणीचा विस्तार व संकोच एकीकडे आणि मागणीतील वृद्धी व ऱ्हास दुसरीकडे असा भेद शिकला आहात. तोच भेद इंग्रजीत या दोन शब्दप्रयोगांनी पाळला जातो. चहाची किंमत वाढल्यामुळे लोक चहा कमी घेऊ लागले, तर चहाची ‘क्वांटिटी डिमांडेड’ घटली, म्हणजे आपण त्याच मागणी वक्रावर (किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या रेषेवर) वर सरकलो. कॉफी महागल्यामुळे लोक चहाकडे वळले, तर चहाची ‘डिमांड’ वाढली आणि सबंध वक्रच उजवीकडे सरकला. पहिल्या प्रसंगी नुसते ‘डिमांड फॉल्स’ लिहिले, तर इंग्रजी निर्दोष असूनही अर्थशास्त्र चुकते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या काळापासून रूढ झालेल्या पद्धतीमुळे आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. ती पाहून किंमतच मागणीवर अवलंबून आहे असे वाक्य लिहिले जाण्याचा धोकाही असतो, म्हणून वाक्याची सुरुवात किमतीपासून करावी.

‘किती’ सांगताना ‘बाय’ आणि ‘टू’ यांची गल्लत होऊ देऊ नये. भाव 20 रुपयांवरून 30 रुपये झाला, तर तो ‘बाय 10 रुपीज’ किंवा ‘बाय 50 परसेंट’ वाढला आणि ‘टू 30 रुपीज’ पोहोचला. किंमत 10 टक्के वाढून मागणीचे प्रमाण 4 टक्के घटले, तर ऋण चिन्ह सोडून लवचिकता (किमतीच्या बदलाला मागणी किती प्रतिसाद देते याचे माप) 0.4 येते, म्हणजे 1 पेक्षा कमी, आणि मग ‘डिमांड इज प्राइस-इनइलास्टिक’ एवढे वाक्य पुरते. मागणीच्या नियमाच्या व्याख्येतील ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ या अटीसाठी ‘अदर थिंग्ज बीइंग इक्वल’ लिहावे. ती अट गाळल्यास पुढचे विधान खरे ठरेलच असे नाही.

शब्दयोगी अव्ययांचाही वेगळा सराव करावा. ‘कांद्याची मागणी’ डोक्यात असल्यामुळे आपल्याकडून ‘डिमांड ऑफ अनियन्स’ लिहिले जाते, तिथे ‘डिमांड फॉर अनियन्स’ हवे. आणि किमतीतील वाढ सांगताना ‘अ राइज इन प्राइस’ असे लिहावे.